एक चिंचोका ठेवा

बाईंनी 'नक्की' हा शब्द कधी वापरल्याचं मला आठवत नाही. 'कधीच नाही' हेही त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. पहिल्यांदा त्या लातूरला आमच्या घरी जेवायला यायच्या होत्या, तेव्हा सकाळी मी फोन करून विचारलं, "येताय ना बाई, नक्की?" पलीकडून उत्तर आलं, "शंभरात पंच्याऐंशी." माझ्या सासूबाई परातीत पीठ घेऊन बसल्या होत्या. त्यांना मी हे सांगितलं तर म्हणाल्या, "मग भाकरी कशा टाकू? एक कोर कमी करू का?" बाई आल्या, पोटभर जेवल्या आणि सासूबाईंचं ते वाक्य ऐकून ठसका लागेपर्यंत हसल्या. मला म्हणाल्या, "शेटे, तुझ्या सासूबाईंना माझा विषय कळला. तुला वेळ लागेल."

लागलाच. बाईंनी नांदेडला इंजिनिअरिंगच्या मुलांना पाण्याचं नियोजन शिकवण्यात उमर घालवली होती. निवृत्तीनंतर त्या विष्णुपुरीला, धरणाच्या अलीकडे, दोन खोल्यांत एकट्याच राहायच्या. मी लातूरला एका लहानशा संस्थेत नोकरीला होते. गावोगावच्या पाण्याचे आराखडे करायचं काम आमच्याकडे आलं आणि ते शिकवायला म्हणून बाई आल्या. साडीवर पुरुषी सुती जाकीट, पायात कापडी बूट आणि हातात लॅपटॉपची पिशवी. जाकिटाचे दोन्ही खिसे कायम फुगलेले असायचे, कारण त्यात चिंचोके असायचे. डाव्या खिशात कच्चे, ते कामाचे. उजव्या खिशात भाजलेले, ते खायचे. जीपमध्ये शेजारी बसून त्या ते असे कडाकडा फोडायच्या की माझेच दात शिवशिवायचे. गावांमध्ये त्यांचं नाव कुणालाच माहीत नव्हतं. सगळे 'चिंचोकेवाल्या बाई' म्हणायचे.

या चिंचोक्यांचं काम असं. बाईंच्या लॅपटॉपवर प्रत्येक गावाचं एक जाळं असायचं. पाऊस हा एक गोल, तलाव हा दुसरा गोल, मग विहीर, आजूबाजूचे बोअर, ऊस, टँकर. एका गोलातून दुसऱ्या गोलात बाण. पाऊस कमी पडला तर तलाव भरायची शक्यता किती, तलाव भरला नाही आणि बोअर चालू राहिले तर विहीर मृगापर्यंत टिकायची शक्यता किती, असं करत करत ते जाळं भरायचं. शेवटी एक चौकोन, म्हणजे आपण काय करायचं ते. पावसाचे आकडे सरकारी मिळायचे. पण आपली विहीर किती दगा देते हे फक्त गावालाच ठाऊक असतं, आणि ते त्यांच्याकडून आकड्यात काढायचं कसं? बाई म्हणायच्या, "टक्के विचारले की माणसं फेकतात. हातात दहा चिंचोके दिले की विचार करतात." राहील असं वाटतं तेवढे इकडे ठेवा, आटेल असं वाटतं तेवढे तिकडे. माणसं खरंच विचार करायची. एक चिंचोका इकडून तिकडे करताना कपाळाला आठ्या घालायची.

त्यात बाईंचा एक हट्ट होता. कुठलीही बाजू रिकामी ठेवायची नाही. "एक चिंचोका ठेवा," हे त्या इतक्यांदा म्हणायच्या की पोरं त्यांना तसंच चिडवायची. मी एकदा वैतागून विचारलं की ज्याला खरोखरच काही शंका नाही त्याला बळजबरी कशाला? त्यांनी जीप थांबवायला लावली. जीप थांबवण्यासारखं त्यात काय होतं ते देवाला ठाऊक, पण त्या थांबवायच्या. "शेटे, शंभरात एक असेल तर उद्याचा पुरावा त्या एकाचे पन्नास करू शकतो. शून्य असेल तर जगातला सगळा पुरावा आणून ओत, शून्याचं शून्यच राहतं. ज्याच्या मनात शून्य आहे त्याला पुढं काही दिसत नाही." मग भाजलेला चिंचोका तोंडात टाकून त्या म्हणाल्या, "चल आता."

आता त्या गावाविषयी. रेणापूरच्या पुढं आहे. नाव लिहीत नाही, कारण तिथली माणसं अजून ओळखीची आहेत आणि त्यांना ते आवडणार नाही. गावाच्या मधोमध एक जुनी दगडी विहीर आहे. तिला सगळे 'थोरली' म्हणतात, जशी घरात थोरली जाऊ असते तशी. अख्खं गाव तिचं पाणी पितं. येळवसेला, म्हणजे वेळा अमावस्येला, सगळी माणसं आपापल्या शेतात आंबील-भज्जी घेऊन जेवायला जातात, पण जायच्या आधी प्रत्येक घरातून पहिला वाटा थोरलीच्या काठावर ठेवला जातो. लग्नाच्या पंगतीतही तिचं एक पान वाढतात. गावात किती उंबरे असं विचारलं तर सांगणारा माणूस थोरलीचा उंबरा धरून सांगतो. लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यानंतर तिच्या आजूबाजूला बोअर वाढले, ऊस वाढला, आणि थोरली वैशाखात तळ दाखवायला लागली. बोअरच्या मोटारी होळीपासून मृगापर्यंत बंद ठेवायच्या का, एवढाच प्रश्न होता. ठेवल्या तर ऊस जाणार. न ठेवल्या तर कदाचित प्यायचं पाणी जाणार आणि माणसांना गाव सोडावं लागणार.

पहिल्या दिवशी आम्ही मारुतीच्या पारावर कागद पसरला आणि सगळ्यांना दहा-दहा चिंचोके दिले. एकजात सगळ्यांनी दहाच्या दहा 'राहील'वर ठेवले. 'आटेल'चा चौकोन कोरा. मला वाटलं, गाव फारच आशावादी दिसतंय. बाईंच्या मात्र लगेच लक्षात आलं. त्यांनी सरपंचांना, काशिनाथअप्पांना, विचारलं, "अप्पा, मागच्या वैशाखात तळ दिसला होता ना? मग तिकडं एकही कसा नाही?"

अप्पा इकडंतिकडं बघून हळूच म्हणाले, "बाई, हिरीच्या तोंडावर असं कसं ठिवावं? वास्तू तथास्तू म्हणती. तुमच्या कागदापायी खरं झालं तर?"

दहा-बारा गावं पाहिली होती आम्ही, पण ही अडचण कागदावर कुठं लिहिलेली नव्हती. अशुभ बोलायचं नाही म्हणून अख्खं गाव खोटं बोलत होतं, आणि तेही विहिरीच्या मायेपोटी. बाईंनी एक गंमत करून पाहिली. "बरं, पलीकडच्या गावाची विहीर राहील का?" लगेच धडाधड चिंचोके 'आटेल'वर पडले. एक म्हातारा म्हणाला, "त्यांची तर आटलेलीच धरा." पलीकडच्या गावात जाऊन विचारलं तर त्यांनीही याच गावाला तितक्याच उदारपणे बुडवलं. जीपमध्ये आम्ही दोघी खूप हसलो. पण हसून जाळं भरत नव्हतं.

मग बाईंनी मठाची खोली मागितली. थोरलीला लागूनच एक जुना मठ आहे. आत कुणा स्वामींची समाधी आणि बाजूला एक दगडी खोली, खिडकी नसलेली. दोन गाडगी ठेवली. चुन्याची खूण ते 'राहील', कोळशाची खूण ते 'आटेल'. एकेकानं आत जायचं, दार लोटायचं, दहा चिंचोके वाटायचे आणि बाहेर यायचं. कुणी पाहणार नाही, विहिरीलाही दिसणार नाही. मठाची किल्ली नागम्मा आज्जीकडे असायची. कपाळभर विभूती, तोंडात एकही दात नाही. त्या दाराशी बसल्या, पण आमच्यावर नाराज होत्या. "भर बाराला मठ उघडू नये माय," म्हणाल्या, "आन् थोरलीला दिसत न्हाई असं म्हनू नये. ती समदं ऐकती." बाई म्हणाल्या, "ऐकू द्या की आज्जी. तिचाच तर विषय आहे."

त्या दुपारचं ऊन मला अजून आठवतं. पानही हलत नव्हतं. मठासमोरच्या चिंचेखाली सगळे बसले होते आणि कुणी बोलत नव्हतं. आत गेलेल्या माणसाचे चिंचोके गाडग्यात पडताना बाहेर ऐकू यायचे. टक्, टक्, टक्. बाई डोळे मिटून ऐकत बसल्या होत्या. शेवटचे अप्पा. ते बाहेर आले, त्यांनी दार ओढून घेतलं, पायात चपला घातल्या. आणि आतून आवाज आला. टक्. जरा थांबून पुन्हा टक्. सावकाश, एकामागून एक.

अप्पांचा एक पाय चपलेत, एक बाहेर, तसाच राहिला. मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी डोळे उघडले होते. आवाज थांबल्यावर त्या उठल्या, दार उघडून आत गेल्या आणि दोन्ही गाडगी घेऊन बाहेर आल्या. "उंदीर असतील," म्हणाल्या. खोलीत कुणी नव्हतं. तिला दुसरं दार नाही, हे मी स्वतः आत जाऊन पाहिलं.

आम्ही चिंचेखाली बसून मोजलं. या वेळी बऱ्याच जणांनी कोळशाच्या गाडग्यात चिंचोके टाकले होते. भीती होतीच, फक्त तिला अंधार हवा होता. पण बेरीज जुळेना. जितकी माणसं आत गेली त्यांच्यापेक्षा एका माणसाचे, म्हणजे दहा चिंचोके जास्त भरत होते. मी पुन्हा मोजले. मग माझ्या हाताला कळलं. कोळशाच्या गाडग्यातले काही चिंचोके ओले होते. गार आणि निसरडे, नुकतेच पाण्यातून काढल्यासारखे. बाजूला काढले तर बरोब्बर दहा. नागम्मा आज्जींनी वाकून पाहिलं आणि 'आज भाजी काय केली' याच सुरात म्हणाल्या, "ते थोरलीचं असतील. उंबरा हाय न्हवं तिचा." कुणालाच त्यात नवल वाटलं नाही. माझ्या अंगावर मात्र उन्हात काटा आला.

जीपमध्ये मी बाईंना सोडलं नाही. उंदीर दहा मोजतो का? बाई समोर रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "कुणीतरी दोनदा आत गेलं असेल. चिंचेखाली चिंचोक्यांना काय तोटा? हात धुऊन आला असेल, म्हणून ओले. आवाजाचं म्हणशील तर एखादा गाडग्याच्या काठावर अडकून नंतर पडला असेल. शंभरात नव्व्याण्णव असंच."

"आणि उरलेला एक?"

"उरलेला ठेवायचा," बाई म्हणाल्या. "शून्य नको."

ते दहा त्यांनी जाळ्यात धरले की नाही, असं तुम्ही विचाराल. धरले. मी भांडले. कुणाचं मत ते माहीत नाही, कसं धरता? त्या म्हणाल्या, "कुणाचं ते माहीत नाही म्हणून फेकून द्यायचं? खामखा." मला त्यांचा स्वभाव तेव्हा कळला. कुणाचंही मत वाया जाऊ देणं त्यांच्या जिवावर यायचं.

जाळ्यानं सांगितलं, मोटारी बंद ठेवा. सगळ्यांत मोठा ऊस अप्पांचाच, त्यामुळे सभेत सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. अप्पा बाईंना म्हणाले, "तुमी सांगता तसंच व्हईल का पन?" बाई म्हणाल्या, "तसं मी सांगतच नाही. मोटारी बंद ठेवूनही विहीर आटू शकते. चालू ठेवूनही राहू शकते. उद्या कुठल्या चुकीचा पस्तावा जास्त होईल, एवढं बघा." अप्पा बराच वेळ जमिनीवर काडीनं रेघा ओढत बसले. मग उठून घरी गेले आणि आपली मोटर बंद करून आले. ऊस वाळला. थोरली राहिली.

त्यानंतर दर फाल्गुनात हा कार्यक्रम ठरलेलाच झाला. दर वर्षी दहा जास्त, दर वर्षी ओले, कधी या गाडग्यात तर कधी त्या. मी दाराला बाहेरून कडी लावून पाहिली. आत जाणाऱ्याचे हात पुसायला पंचा ठेवला. फरक नाही. बाईंना त्याचा शोध घेण्यात रस नव्हता. त्यांना राग यायचा तो दुसऱ्याच गोष्टीचा. गाव हळूहळू बाईंनाच मानायला लागलं होतं. एका वर्षी कुणीतरी लॅपटॉपसमोर नारळ फोडला आणि पाणी कळफलकावर उडालं. बाई कडाडल्या, "मी भविष्य सांगत नाही! मला किती माहीत नाही, ते सांगते!" लोकांनी भक्तिभावानं माना डोलावल्या. त्याच वर्षी त्यांनी अप्पांना मोजून दिलेल्या चिंचोक्यांत चुकून उजव्या खिशातला एक गेला. अप्पांनी तो वर धरला, "बाई, ह्यो तर भाजलेला हाय." बाई म्हणाल्या, "खाऊन टाका. भाजलेला रुजत नाही आणि मतही देत नाही." त्याच्या बदल्यात त्यांनी कच्चा दिला. अप्पांनी भाजलेला खिशात टाकला.

त्या आणि मी मात्र कधी चिंचोके टाकले नाहीत. "मोजणाऱ्यानं टाकायचं नाही," हा बाईंचा दुसरा नियम. तो त्यांनी माझ्याकडून देवासमोर शपथ घ्यावी तसा घेतला होता.

एकदा कंधारला माझ्या माहेरी त्या दोन दिवस राहायला आल्या होत्या. परत निघताना आम्ही बसस्टँडवर नांदेडच्या गाडीची वाट बघत होतो. मी म्हटलं, गाडी येते की नाही कोण जाणे. त्या म्हणाल्या, "गाडी शंभरात साठ. मी मात्र शंभरात पाच." मला काही कळलं नाही. मग त्यांनी शांतपणे आजाराचं नाव सांगितलं. पुढचा उन्हाळा बघायची शक्यता किती, याचा आकडा डॉक्टरांनी घाबरत घाबरत सांगितला होता. "शून्य म्हणाला असता तर उठून आले असते," म्हणाल्या, "पाच म्हणाला, म्हणून फी दिली." मी रडायला लागले तर त्यांनी उजव्या खिशातला एक चिंचोका माझ्या हातावर ठेवला. गाडी आली, त्या खिडकीशी बसल्या, आणि मी तो चिंचोका चावता न येऊन तसाच गालात धरून उभी राहिले.

शेवटची भेट विष्णुपुरीला, त्यांच्या खाटेपाशी. जाकीट खुंटीला टांगलेलं, उजवा खिसा रिकामा, कारण आता चावणं होत नव्हतं. डाव्या खिशातले सगळे चिंचोके एका कापडी पिशवीत भरून त्यांनी माझ्याकडे दिले. आवाज फार बारीक झाला होता, पण सांगायचं ते सांगितलंच. "पाऊस कमी झालाय. यंदा ते गाव घाबरेल. आधी शुभ बोलायचं म्हणून खोटं बोलत होते, आता भीतीपोटी बोलतील. लक्ष ठेव. दोन्ही गाडग्यांत एक तरी राहू दे."

मी म्हटलं, "बाई, तुम्ही नसताना मला ते जमणार नाही."

त्यांनी डोळे मिटले. वाटलं, झोपल्या. मग ओठ हलले. "नसेन असं तू कशावरून म्हणतेस? मी काही शून्य म्हणत नाही."

उन्हाळा लागायच्या आधीच बाई गेल्या. मी फाल्गुनात एकटीच त्या गावाला गेले. एवढी भीती मला कुठल्याच गावात वाटली नव्हती. बाई गेल्याचं गावाला कळलं होतं, आणि त्यांच्या दृष्टीनं विहीर धरून ठेवणारं माणूसच गेलं होतं. निम्म्या घरांनी लातूरला खोल्या बघायला सुरुवात केली होती. खरं तर त्या आठवड्यात मी टेप सोडून पाणी मोजलं होतं आणि थोरलीची पातळी वाटत होती तेवढी वाईट नव्हती. मी हे घसा फोडून सांगितलं. कुणी ऐकेना. ज्याच्या मनात शून्य आहे त्याला पुढं काही दिसत नाही, हे मी तेव्हा डोळ्यांनी पाहिलं.

अप्पाही खचले होते. त्यांनी सरळ सांगितलं, "मॅडम, थोरली जानारच असंल तर ऊस तरी कामून जाळावा? बाईच्या वक्ताला जसं टाकायचो तसं टाकू. चुन्याच्या गाडग्यात येक बी चिंचोका निघाला तर मोटारी बंद, माझी पयली. न्हाई निघाला तर ज्याची मोटर त्यानं चालवावी." सगळ्यांनी हो म्हटलं. मला कळत होतं की मोटारी सुटल्या तर महिन्याभरात थोरली कोरडी पडेल आणि मग गावाचं म्हणणं खरंच होईल.

तीच दुपार, तीच चिंच. नागम्मा आज्जी दाराशी. पिशवीतले चिंचोके मी सकाळीच एकेक करून मोजून घेतले होते, सगळे कच्चे. एकेक जण आत जाऊन आला. प्रत्येक वेळी आवाज एकाच बाजूनं येत होता, डावीकडून, कोळशाच्या गाडग्यातून. आत जाऊन एक चिंचोका चुन्याच्या गाडग्यात सोडणं काय अवघड होतं? कुणाला कळलंही नसतं. पण शपथ आठवत होती. शेवटचे अप्पा आले, दार ओढलं गेलं. सगळे कान देऊन बसले. आतून काहीच आवाज आला नाही. नागम्मा आज्जींनी पहिल्यांदाच अस्वस्थ होऊन विहिरीकडे पाहिलं. "औंदा थोरली गप हाय," त्या पुटपुटल्या.

मी उठायला लागले, तेवढ्यात आवाज आला. टक्. एकच. उजवीकडून.

गाडगी मी अप्पांनाच उचलायला लावली. चिंचेखाली सगळ्यांच्या देखत त्यांनी कोळशाचं गाडगं उपडं केलं. ढीग पडला, सगळा कोरडा. मोजला. जितकी माणसं, तितकेच दहा-दहा, एकही कमी नाही, एकही जास्त नाही. म्हणजे अख्ख्या गावानं शून्य म्हटलं होतं. मग अप्पांनी चुन्याचं गाडगं उपडं केलं. त्यातून एक चिंचोका पडला, घरंगळत माझ्या पायापाशी आला.

नागम्मा आज्जींनी तो उचलला, बोटांनी चाचपला. "ह्यो थोरलीचा न्हाई," म्हणाल्या. "तिचा वला असतो. ह्यो कोरडा हाय." त्यांनी तो अप्पांच्या हातावर ठेवला. अप्पांनी डोळ्यांजवळ नेला, वास घेतला. त्यांच्या तोंडावरचा रंग उतरलेला मी पाहिला. "भाजलेला हाय," ते म्हणाले. अप्पा तो चिंचोका माझ्या हातात देऊन उठले, आणि मळ्याकडे चालू लागले. थोड्या वेळानं लांबवरची त्यांची मोटर बंद झालेली आम्हाला चिंचेखाली ऐकू आली. मग एकेक करून बाकीच्या.

संध्याकाळी मी जाळ्यात तो एक चिंचोका भरला. तेवढा एकच, पण आता टेपनं मोजलेल्या पातळीला धरायला काहीतरी होतं. आकडा हलला. फार नाही, पण हलला.

निघताना अप्पा म्हणाले, "मला खरं सांगा मॅडम, तुमीच टाकला न्हवं?" मी म्हटलं, "मला वाटलं तुम्ही. तुमच्याजवळ एक भाजलेला होता." अप्पा मला त्यांच्या घरी घेऊन गेले. देव्हाऱ्यात, लिंगाच्या बाजूला, बाईंनी चुकून दिलेला तो चिंचोका तसाच ठेवलेला होता. त्यावर धूळसुद्धा नव्हती, रोज पुसत असावेत. माझ्या हातातला मी शेजारी धरला. दोन्ही सारखेच भाजलेले, सारख्याच चिरा गेलेले.

थोरली त्या उन्हाळ्यात तळाला गेली, पण आटली नाही. गावात टँकर आला नाही. लातूरला खोली घेतलेली घरं मृगानंतर परत आली. पुढच्या फाल्गुनात मी दोन्ही गाडग्यांवर बोट ठेवून बाईंसारखीच ओरडत होते, एक चिंचोका ठेवा, एक चिंचोका ठेवा, आणि पोरं मला चिडवत होती.

माझा नवरा हे सगळं ऐकून दर वेळी हसतो. म्हणतो, कुणीतरी गावकऱ्यानं टाकला, बाईंचे खिसे कुणाला माहीत नव्हते? मी हो म्हणते. बाईंच्या विद्यार्थिनीला दुसरं काही म्हणणं शोभणार नाही. "शंभरात नव्व्याण्णव असंच झालं असणार," मी म्हणते, आणि मग पुढं काही बोलत नाही.